१० किलोव्होल्टचा मॉसफेट स्विच: आधी लोड शॉर्ट करून बघा, कागदावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्लाझ्मा रिअॅक्टरसाठी १० किलोव्होल्ट, १०० अँपिअर, १ मायक्रोसेकंद रुंदीचे पल्स हवेत, सेकंदाला १००, आणि राइज टाइम (पल्स चढायला लागणारा वेळ) ५० नॅनोसेकंदांच्या आसपास. त्यासाठी १२०० व्होल्टचे दहा सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट (गेट या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारे सेमीकंडक्टर स्विच) सिरीजमध्ये लावायचे आणि प्रत्येकाला आयसोलेटेड, म्हणजे कंट्रोलच्या बाजूपासून विद्युतदृष्ट्या तोडलेला, गेट ड्रायव्हर आयसी द्यायचा. दहा गुणिले १२०० म्हणजे १२ किलोव्होल्ट, तेव्हा २० टक्के मोकळीक आहेच. हे चालेल का?

चालू होईल, टिकणार नाही. डमी लोडवर सुरेख पल्स मिळेल. रिअॅक्टर जोडल्यावर पहिल्या जोरदार आर्कला एक मॉसफेट जाईल आणि त्याच्या वाट्याचं व्होल्टेज अंगावर आल्यामुळे मागोमाग बाकीचेही जातील. तुमचा सगळा हिशोब नेहमीच्या पल्सचा आहे आणि अशा स्विचच्या आयुष्यात नेहमीचा पल्स हाच सर्वांत सोपा प्रसंग असतो. प्लाझ्मा लोड कधी ना कधी शॉर्ट होणारच. म्हणून मी हे डिझाइन उलट्या टोकाकडून करतो. लोड शॉर्ट झाल्यावर काय व्हायला हवं ते आधी ठरवायचं. मग रेझिस्टर किती, मॉसफेट कोणता, स्नबर (व्होल्टेजची उसळी शोषणारा, मॉसफेटला समांतर कपॅसिटर) केवढा, गेट कसं चालवायचं, हे त्यातूनच ठरत जातं.

तर शॉर्टचा हिशोब. कपॅसिटर, मॉसफेटची रांग आणि लोड यांच्या पूर्ण लूपचं इंडक्टन्स, मांडणी बरी असली तरी, अर्ध्या मायक्रोहेन्रीच्या आसपास धरा. १० किलोव्होल्टला त्याने भागलं की करंट वाढण्याचा वेग येतो २० अँपिअर प्रति नॅनोसेकंद. म्हणजे ५० नॅनोसेकंदांत १००० अँपिअर. तुमच्या ड्रायव्हर आयसीमधलं डिसॅच्युरेशन संरक्षण (चालू मॉसफेटवर अचानक व्होल्टेज चढलं की त्याला बंद करणारं) जागं व्हायलाच काही शे नॅनोसेकंद घेतं. तोवर रांगेतला एखादा मॉसफेट, ज्याचा सॅच्युरेशन करंट इतरांपेक्षा जरासा कमी आहे तो, सर्वांआधी सॅच्युरेशनमध्ये जातो, म्हणजे त्याहून जास्त करंट वाहू देत नाही. बाकीचे अजून पूर्ण चालू असतात, त्यामुळे सगळं व्होल्टेज त्या एकट्यावर येऊन पडतं. एकट्या मॉसफेटची शॉर्ट सर्किट सहनशक्ती, सिलिकॉन कार्बाइडमध्ये साधारण २-३ मायक्रोसेकंद, इथे काहीच कामाची नाही, कारण ती त्याच्या स्वतःच्या बस व्होल्टेजला मोजलेली असते. सिरीज रांगेत सॅच्युरेशनपर्यंत जाऊच द्यायचं नाही, हा पहिला नियम.

उपाय अगदी साधा आहे: कायमचा सिरीज रेझिस्टर. ३३ ओहम घातला तर पूर्ण शॉर्टमध्येही करंट ३०० अँपिअरच्या वर जात नाही. आता १२०० व्होल्टचा, २० मिलिओहमच्या आसपासचा, ३०० अँपिअरचा पल्स पेलणारा मॉसफेट निवडा, म्हणजे शॉर्टमध्येही त्याच्यावर ६-७ व्होल्टच पडतात. निवडताना पल्स करंटचा आकडा बघाच, पण गरम चिपवर आणि तुम्ही देणार त्याच गेट व्होल्टेजला सॅच्युरेशन कुठे सुरू होतं तो आलेखही बघा. त्यात ३०० अँपिअरच्या पुढे भरपूर जागा दिसली पाहिजे. रेझिस्टर सिरॅमिक-कार्बनचा, आरपार भरीव असलेला घ्या. वायरवाउंड नको, आणि पातळ फिल्मचाही नको, फिल्म पल्सच्या ऊर्जेने जळते.

याची किंमत अशी की १०० ओहमच्या लोडवर आता १० ऐवजी साडेसात किलोव्होल्टच पोचतील. माझं मत विचाराल तर आधी तेवढ्यावर प्रयोग करा. बहुतेक प्लाझ्मा प्रयोगांत तेवढ्या फरकाने विज्ञान बदलत नाही. लोडवर १० हवेच असतील तर चार्जिंग १३.३ किलोव्होल्टपर्यंत न्या आणि खालचे सगळे आकडे त्या प्रमाणात वाढवा.

करंट मर्यादित झाला म्हणजे काम संपलं असं वाटतं, आणि इथेच बरेच जण फसतात. मॉसफेट चालू असताना ३०० अँपिअरने मरत नाही. ३०० अँपिअर वाहत असताना बंद करायला गेलात की मरतो. रांगेतले सगळे मॉसफेट एकाच क्षणी बंद होत नाहीत. जो आधी बंद होतो त्याच्या ड्रेनवरच्या कपॅसिटन्समध्ये तो करंट शिरत राहतो आणि त्याचं व्होल्टेज चढतं. किती चढतं? करंट गुणिले वेळेतला फरक, भागिले कपॅसिटन्स. मॉसफेटचं स्वतःचं २०० पिकोफॅरड, १०० अँपिअर आणि १० नॅनोसेकंदांचा फरक धरा: ५००० व्होल्ट! म्हणजे स्नबर हवाच. २ नॅनोफॅरडचा स्नबर लावला तर १०० अँपिअरला ही वाढ ५०० व्होल्टवर येते आणि फरक ५ नॅनोसेकंदांवर आणला तर २५० वर. पण ३०० अँपिअरला ती पुन्हा तिप्पट होते.

म्हणून शॉर्ट ओळखला गेला की स्विच बंद करू नका. उलट तो चालूच ठेवा, कपॅसिटर रिकामा होईपर्यंत. ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशोब बघा. साठवणीचा कपॅसिटर ०.२ मायक्रोफॅरड ठेवला तर ३३ ओहमबरोबर त्याचा टाइम कॉन्स्टंट ६.६ मायक्रोसेकंद. ३० मायक्रोसेकंदांत तो जवळजवळ रिकामा. त्यातली १० ज्यूल ऊर्जा जवळपास सगळी रेझिस्टरमध्ये जाते. सोळा मॉसफेटचा (दहाऐवजी सोळा का, ते पुढे येतं) मिळून रोध एक तृतीयांश ओहम, म्हणजे त्यांच्या वाट्याला सगळ्यांना मिळून ०.१ ज्यूल. त्यांना पत्ताही लागत नाही. कंट्रोल सर्किटने फक्त दोन गोष्टी करायच्या: बंद करण्याचा पल्स रोखायचा आणि चार्जिंग सप्लाय थांबवायचा. करंट ओळखायला एक टोरॉइड (कडीच्या आकाराचा) करंट ट्रान्सफॉर्मर आणि एक कंपॅरेटर (व्होल्टेज मर्यादेशी ताडून बघणारा आयसी) पुरतो. पल्सच्या अगदी शेवटच्या क्षणी आर्क झाला तर मात्र बंद होणं रोखता येत नाही. तेवढ्यासाठी प्रत्येक स्टेजवर, म्हणजे प्रत्येक मॉसफेटवर, टीव्हीएस (व्होल्टेज मर्यादेपुढे गेलं की करंट स्वतःतून वाहून नेणारे डायोड) लागतातच.

कपॅसिटर ०.२ मायक्रोफॅरडच का? १ मायक्रोसेकंदात ७५ अँपिअरने तो सुमारे ३७५ व्होल्ट उतरतो, म्हणजे पल्सच्या माथ्याला ४ टक्क्यांचा उतार. त्याहून सपाट माथा हवा म्हणून लोक १ मायक्रोफॅरड लावतात आणि ५० ज्यूल उशाशी घेऊन बसतात. तुमच्या प्रयोगाला त्या सपाटीचा उपयोग नसेल तर तो मोह टाळा.

पुढे जाण्याआधी एक आडवा प्रश्न: रांगच हवी का? हाच पल्स पल्स-ट्रान्सफॉर्मरनेही निघतो. १ किलोव्होल्टच्या बाजूला १००० अँपिअरचा आयजीबीटी (मोठा करंट पेलणारा सेमीकंडक्टर स्विच) आणि पुढे एकास दहा ट्रान्सफॉर्मर. पण त्याचं लीकेज इंडक्टन्स ५० नॅनोसेकंदांचा राइज टाइम सहसा खाऊन टाकतं. सॉलिड-स्टेट मार्क्स जनरेटर (कपॅसिटर समांतर भरून सिरीजमध्ये रिकामे करणारा) हा फार चांगला पर्याय आहे. प्रत्येक स्विच स्वतःच्या कपॅसिटरला बांधलेला असल्यामुळे व्होल्टेज वाटपाची कटकट बरीच कमी होते, एखादा उशिरा चालू झाला तरी करंट त्याच्या डायोडमधून निघून जातो. इंडक्टिव्ह अॅडर (अनेक ट्रान्सफॉर्मरांचं व्होल्टेज एकत्र जोडणारी रचना) तर त्याहून देखणा, सगळे स्विच आणि ड्रायव्हर जमिनीच्या पातळीला. लॉरेन्स लिव्हरमोर आणि सर्नमध्ये किकर चुंबकांसाठी (कणांचा झोत क्षणात वळवणाऱ्या) याच पद्धतीवर बरंच काम झालं आहे. पण त्याला चुंबकीय कोअर मोठे आणि महाग लागतात. थायरिस्टर मधेच बंद करता येत नाही, आणि ६५०० व्होल्टचे आयजीबीटी या वेगाला मंद. काही नॅनोसेकंदांचा पल्स हवा असता तर मी ड्रिफ्ट स्टेप रिकव्हरी डायोडकडे वळलो असतो, पण ती वेगळीच दुनिया आहे. तुमच्या आकड्यांना रांग किंवा मार्क्स, दोन्ही चालतील. पल्सची रुंदी पुढे बदलायची असेल आणि सुटे भाग कमी हवे असतील तर रांग घ्या.

आता नग किती. दहा नाही, सोळा. प्रत्येकावर ६२५ व्होल्ट, म्हणजे रेटिंगच्या ५२ टक्के. ही उधळपट्टी नाही. एक कारण वर आलंच: बंद होताना अडीचशे ते पाचशे व्होल्टची उसळी. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. सतत डीसी व्होल्टेजखाली असलेल्या चिपला वैश्विक किरणांतून आलेला एखादा न्यूट्रॉन क्षणात फोडू शकतो आणि ही शक्यता रेटिंगच्या दोन तृतीयांशाच्या पुढे भराभर वाढते. तुमचा स्विच ९९.९९ टक्के वेळ बंद राहून पूर्ण व्होल्टेज अंगावर घेतो. तिसरं म्हणजे मॉसफेट मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन मरतो. सोळातला एक गेला तर उरलेल्यांवर ६६७ व्होल्ट येतात आणि प्रयोग चालू राहतो.

बंद अवस्थेतल्या वाटपासाठी प्रत्येक स्टेजला १ मेगओहम. तो एका रेझिस्टरने करू नका. साध्या पाव वॉटच्या रेझिस्टरची व्होल्टेज मर्यादाच २५०-३५० व्होल्ट असते, त्यामुळे अर्ध्या वॉटचे ३३० किलोओहमचे तीन सिरीजमध्ये लावा. टीव्हीएस ४४० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये. त्यांचं स्टँडऑफ (ज्याच्या खाली ते वाहत नाहीत ते व्होल्टेज) ३७६-३७६ मिळून ७५२ व्होल्ट होतं, म्हणजे ६२५ ला ते शांत बसतात. स्नबर २ नॅनोफॅरड, वेगवान डायोड आणि त्याला समांतर २२ ओहम. चालू होताना स्नबरचा करंट २८ अँपिअरच्या वर जात नाही, आणि १०० हर्ट्झला त्यातली उष्णता नगण्य. सोळा स्नबर सिरीजमध्ये मिळून १२५ पिकोफॅरड होतात, त्याने पल्सची मागची कड चाळीसेक नॅनोसेकंदांची होते. ती चालेल.

एवढं करूनही वाटप समान येत नाही, कारण प्रत्येक स्टेजचं जमिनीशी भटकं कपॅसिटन्स (मुद्दाम न लावलेलं, जवळपणामुळे आपोआप होणारं) असतं. विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरच्या माळेत तारेजवळच्या चकतीवर सर्वांत जास्त व्होल्टेज येतं, तोच प्रकार इथे उच्च दाबाच्या टोकाजवळच्या मॉसफेटांना भोगावा लागतो. म्हणूनच सगळे मॉसफेट एकाच मोठ्या अर्थ केलेल्या हीटसिंकवर बसवण्याची कल्पना सोडा. टीओ-२४७ च्या (मॉसफेटच्या नेहमीच्या सपाट पॅकेजच्या) पाठीखाली १ मिलिमीटर अॅल्युमिनाची चकती घातली तर सुमारे २० पिकोफॅरड जमिनीला जोडले जातात, प्रत्येक स्टेजला. १०० हर्ट्झला उष्णता मुळातच थोडी आहे. प्रत्येक मॉसफेटला स्वतःचा छोटासा हीटसिंक द्या, तो ड्रेनच्याच व्होल्टेजवर तरंगू द्या, कडा गोल करा आणि पंख्याचा वारा सोडा.

गेट ड्राइव्हवर मला जास्त बोलायचं आहे. तुमचे आयसोलेटेड ड्रायव्हर आयसी मोटर ड्राइव्हमध्ये उत्तम, इथे नाहीत. सर्वांत वरची स्टेज ५० नॅनोसेकंदांत १० किलोव्होल्ट खाली येते, म्हणजे २०० किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. अशा आयसींची कॉमन-मोड सहनशक्ती (दोन बाजूंमधलं व्होल्टेज झपाट्याने बदलताना न चुकण्याची क्षमता) साधारण १०० ते १५० च्या घरात असते आणि सतत सोसायचं व्होल्टेज दीड किलोव्होल्टच्या आसपास. ऑप्टिकल फायबर वापरून सिग्नलचा प्रश्न सुटतो, पण प्रत्येक स्टेजला तरंगता सप्लाय लागतोच. त्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमध्ये १० पिकोफॅरड जरी असले तरी या वेगाला त्यातून २ अँपिअर वाहतात. शिवाय सोळा फायबर रिसीव्हरांचा विलंब ५ नॅनोसेकंदांत जुळवणं हे एक वेगळं व्रत होऊन बसतं.

ठरावीक रुंदीच्या पल्ससाठी मी एकाच तारेची पद्धत वापरतो. प्रत्येक स्टेजवर एक फेराइट टोरॉइड, त्यावर दुय्यम बाजूचे दोन वेढे, आणि सगळ्या सोळा टोरॉइडांच्या मधून जाणारी एकच तार, हाच प्रायमरीचा एक वेढा. सगळ्या कोअरमधून तोच करंट त्याच क्षणी जातो, त्यामुळे वेळ जुळवायचीच उरत नाही. उरतो तो मॉसफेटच्या थ्रेशोल्डमधला (ज्या गेट व्होल्टेजला तो चालू होऊ लागतो त्यातला) फरक. गेट २५ नॅनोसेकंदांत १८ व्होल्टवर गेलं तर १ व्होल्टच्या फरकाने दीड नॅनोसेकंदाचाही फरक पडत नाही. तरी नग एकाच बॅचचे घ्या आणि थ्रेशोल्ड मोजून जवळजवळचे निवडा.

पण या ट्रान्सफॉर्मरला पूर्ण मायक्रोसेकंद धरून ठेवायला लावू नका, आणि शॉर्टमध्ये ३० मायक्रोसेकंद चालू ठेवायचं असेल तर ते त्याला जमणारही नाही. कोअरचं क्षेत्रफळ ५० चौरस मिलिमीटर आणि फ्लक्सचा झोका ०.२ टेस्ला धरला तर दोन वेढ्यांना २० व्होल्ट-मायक्रोसेकंद एवढंच मिळतं. म्हणून २०० नॅनोसेकंदांची एक ठोसर, म्हणजे व्होल्टेजचा छोटा ठोसा, देऊन गेट भरायचं, आणि बंद करायला उलट्या दिशेची दुसरी. दुय्यम वेढा आणि गेट यांच्यामध्ये २० व्होल्टचे दोन झेनर (ठरावीक व्होल्टेजनंतर उलट दिशेनेही वाहणारे डायोड) परस्परविरुद्ध दिशेने सिरीजमध्ये ठेवा. ठोसर सुमारे ३८-४० व्होल्टची असली की झेनर ओलांडून गेट १८ व्होल्टला भरतं आणि ठोसर संपल्यावर चार्ज आतच अडकून राहतो. उलटी ठोसर २४-२५ व्होल्टची, म्हणजे गेट उणे ४ च्या आसपास थांबतं. गेटवर थेट एक क्लॅम्प हवाच, कारण सिलिकॉन कार्बाइडचं गेट ऋण बाजूला फार नाजूक असतं. गेट-सोर्समध्ये ४७ किलोओहम लावा. सुमारे ५ नॅनोफॅरडच्या गेटला तो शंभरेक मायक्रोसेकंद पुरेसा चालू ठेवतो आणि सप्लाय बंद असताना गेट रिकामं ठेवतो. शॉर्ट झाला की एवढंच करायचं: उलटी ठोसर द्यायची नाही. वर सांगितलेलं संरक्षण एवढ्यावर होतं.

प्रायमरीला किती व्होल्ट लागतील याचा अंदाज लोक हमखास कमी करतात. सोळा कोअरांवर प्रत्येकी १९-२० व्होल्ट म्हणजे ३०० हून थोडे जास्त. त्यात तारेच्या लूपचं इंडक्टन्स: अर्धा मायक्रोहेन्री, १५ अँपिअर, ३० नॅनोसेकंद, म्हणजे आणखी २५० व्होल्ट. तेव्हा ६०० व्होल्टला भरलेला कपॅसिटर आणि तो ओतणारा मॉसफेट धरून चला. परतीची तार जाणाऱ्या तारेच्या शक्य तितकी जवळ ठेवा. तार ३०-४० किलोव्होल्टची सिलिकॉन इन्सुलेशनची, आणि टोरॉइडच्या बरोबर मध्यातून जाणारी. एका बाजूला टेकली तर तिथल्या बारीक हवेच्या फटीत आंशिक डिस्चार्ज सुरू होतो आणि काही महिन्यांनी इन्सुलेशन पोखरलं जातं.

मॉसफेट चार पायांचेच घ्या. तीन पायांच्या टीओ-२४७ मध्ये सोर्सच्या पायाचं ८ नॅनोहेन्री धरलं तर २ अँपिअर प्रति नॅनोसेकंदाला तिथे १६ व्होल्ट उठतात, आणि ते थेट तुमच्या १८ व्होल्टच्या गेटविरुद्ध. केल्विन सोर्सचा (फक्त गेट सर्किटसाठीच्या वेगळ्या सोर्स जोडणीचा) चौथा पाय नेमका यासाठी असतो.

सर्किटची मांडणी: स्विचचं एक टोक जमिनीला ठेवा. वरच्या टोकाला २० किलोओहममधून चार्जिंग, तिथूनच कपॅसिटर आणि ३३ ओहम लोडकडे, लोडचं दुसरं टोक जमिनीला. स्विच बंद असताना कपॅसिटर भरण्यासाठी लोडला समांतर एक रेझिस्टर किंवा डायोड लागेल. लोडला पल्स ऋण मिळतो. धन हवा असेल तर संपूर्ण रांग तरंगती करावी लागते, ते पहिल्या फेरीत अंगावर घेऊ नका. बोर्डवर १० किलोव्होल्टच्या दोन टोकांत पृष्ठभागावरून निदान ३५-४० मिलिमीटर ठेवा, नाहीतर मधे खाच कापा. पॉटिंग (सगळं इन्सुलेशनच्या रेझिनमध्ये ओतून बुजवणं) करायची घाई नको. एकदा ओतलं की दुरुस्ती संपली.

मोजमाप. टेक्ट्रॉनिक्सचा पी६०१५ए किंवा तसा १००० पट प्रोब मिळाला तर ७५ मेगाहर्ट्झला त्याचा स्वतःचा राइज टाइम पावणेपाच नॅनोसेकंद, तुम्हाला पुरेसा. अर्थची वायर आखूड ठेवा आणि कॉम्पेन्सेशन (प्रोब स्कोपशी जुळवणं) आधी करून घ्या. ऑसिलोस्कोप तरंगता ठेवून एखाद्या स्टेजवर मोजायचा विचारही नको. जमिनीकडून एकेक टॅप (दोन स्टेजमधला जोड) मोजत वर जा आणि वजाबाकी करा. आणखी एक सोपी खूण: काही मिनिटं चालवून, सगळं डिस्चार्ज करून थर्मल कॅमेऱ्याने टीव्हीएस बघा. ज्या स्टेजचे टीव्हीएस इतरांपेक्षा गरम, ती स्टेज आधी बंद होते आहे किंवा उशिरा चालू.

१० किलोव्होल्टला १० ज्यूल थेट जीवघेणे समजा. कपॅसिटरवर १० मेगओहमचा ब्लीडर (कपॅसिटर आपोआप रिकामा करणारा रेझिस्टर) कायम जोडलेला असू द्या, योग्य व्होल्टेजच्या रेझिस्टरांच्या माळेचा. तो चालू असताना १० वॉट खातो, खाऊ दे. ५० व्होल्टच्या खाली यायला त्याला साडेदहा-अकरा सेकंद लागतात. त्यानंतरही अर्थिंगच्या काठीने आधी रेझिस्टरमधून, मग थेट शॉर्ट करा आणि काम करताना ते शॉर्ट तसंच राहू द्या. डायलेक्ट्रिकमध्ये मुरलेला चार्ज थोड्या वेळाने पुन्हा टोकांवर येतो. पेटीच्या दाराला इंटरलॉक (दार उघडताच सप्लाय तोडणारा स्विच), आणि एकट्याने चालवायचं नाही.

चालू करताना क्रम असा ठेवा. उच्च दाब न देता सोळाही गेट बघा, पण वरच्या स्टेजपर्यंत. खालच्या तीन बघून बाकी तशीच असतील असं धरू नका. मग ५०० व्होल्टला रांग चालवा आणि टॅप मोजा. वाटपाचं प्रमाण इथेच कळतं, १० किलोव्होल्टला जाऊन शोधायची गरज नसते, फक्त स्नबर आणि मॉसफेटचं कपॅसिटन्स व्होल्टेजबरोबर बदलतं हे ध्यानात ठेवा. मग १ किलोव्होल्टला लोड मुद्दाम शॉर्ट करून एकेरी पल्स द्या: ३० अँपिअर दिसले पाहिजेत, आणि करंट डिटेक्टरची मर्यादा त्या हिशोबाने खाली आणली असेल तर बंद होण्याची ठोसर रोखली गेलेली दिसली पाहिजे. हेच २, ४, ७ आणि शेवटी १० किलोव्होल्टला. रिअॅक्टर त्यानंतर जोडा.